बाद झालेले कनेक्टर

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, निवडणुकीचे बंदोबस्त तर इतके केले की अजूनही मतदानाच्या दिवशी घरी बसल्या बसल्या पाय दुखायला लागतात. पण एखादी केस सांगा असे कोणी म्हणाले, की मला आधी आठवते ती मळक्या फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आलेली मुठीएवढी पोलादी वस्तू. नावे मी कोणाचीच देणार नाही. त्यातली बरीच माणसे अजून त्याच रस्त्याने जातात-येतात, आणि त्यांना त्रास व्हावा असे त्यांनी काही केलेले नाही.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी बारामतीला एका ठाण्याचा प्रभारी होतो. उसाचा हंगाम भरात होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात आमच्या ओळखीचा एक भंगारवाला आत आला. चोरीचा वाटेल असा माल आला तर आधी आम्हाला दाखवायचा, अशी तंबी मी सगळ्या भंगारवाल्यांना देऊन ठेवली होती. त्याने फडके सोडले. आत चकचकीत पोलादी नळकांडे, आटे पाडलेली कडी, आत पांढऱ्या चिनी मातीत बसवलेल्या बारीक पिना. मागून लाल-काळ्या वायरचे तुटके शेपूट निघाले होते. भंगार गोळा करणाऱ्या बायांनी टाकलेल्या ढिगात ते सापडले होते. कोणत्या बाईने आणले, त्याला आठवत नव्हते.

आमच्या ठाणे अंमलदाराने ती वस्तू वाकून बघितली आणि एकदम ताठ झाला. त्याचा मेहुणा एमआयडीसीत कामाला होता. "साहेब, ही खूण त्या छोट्या कंपनीची हाय. तितं अणुभट्टीचा माल बनतो," तो म्हणाला आणि दाराकडे सरकला. त्याच वर्षी उन्हाळ्यात अणुचाचण्या झालेल्या. वर्तमानपत्रे वाचून प्रत्येक जण अर्धा शास्त्रज्ञ झाला होता. मी ती वस्तू उचलून खिशात टाकली, तेव्हा भंगारवाल्यासकट सगळ्यांनी माझ्याकडे शेवटचे बघून घ्यावे तसे बघितले. जीपमध्ये ड्रायव्हर सबंध रस्ता माझ्यापासून अंग चोरून बसला होता.

कंपनीचा मालक स्वतः इंजिनिअर होता. पुण्यातली नोकरी सोडून त्याने इथे शेड टाकली होती. त्या वस्तूवर कोरलेला नंबर वाचला आणि तो खुर्चीत बसला. म्हणाला, हा नग तर आम्ही फोडलाय.

मग त्याने मला समजावून सांगितले. घरात जसा प्लग आणि सॉकेट, तसाच हा कनेक्टर, म्हणजे वायरींचा जोड. फरक एवढाच की हा अणुवीज केंद्राच्या आत बसतो. तिथे काही विपरीत घडले, वाफ कोंडली, उष्णता वाढली, तरी आतला दाब आणि तापमान सांगणाऱ्या यंत्रांचा जोड सुटता कामा नये. नाहीतर बाहेर बसलेल्या माणसांना आत काय चालले आहे ते कळायचेच नाही. म्हणून प्रत्येक नग तपासला जातो. जो वाफेच्या कसोटीला टिकत नाही तो बाद. आता गंमत अशी की बाद नग आणि चांगला नग वरून अगदी सारखा दिसतो. म्हणून बाद झालेला नग हातोड्याने फोडायचाच, आणि फोडताना तपासणी विभागाच्या माणसाने समोर उभे राहून सही करायची, असा दंडक होता.

"साहेब, चोरीचं मला फार वाटत नाही," मालक म्हणाला. "जो नग फुटायलाच हवा होता तो बाहेर फिरतोय. जो असा बाहेर जाऊ शकतो, तो माझ्या चांगल्या मालाच्या पेटीत गेला नसेल, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?"

माल सीलबंद होऊन पेट्या तयार होत्या. केंद्राचे तपासणी इंजिनिअर तो ताब्यात घ्यायला येणार होते. मालकाने माझ्या देखत त्यांना फोन लावून सगळे सांगून टाकले, तेव्हा हा माणूस सरळ आहे अशी मी मनात नोंद केली. त्याचा संशय मात्र सरळ एका जागी गेला. फोडल्याची सही ज्या मुलीची होती, तिच्यावर. कोणा प्रतिस्पर्ध्याने तिला फितवून बाद माल चांगला म्हणून विकायला काढला, असे त्याचे गणित. त्याने तशी फिर्यादही दिली.

मुलगी सणसरची, ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरातली. डिप्लोमा करून कंपनीत लागलेली. घरातली बाई कारखान्यात नोकरीला जाते हे त्या घराला नवीन होते, आणि भावकीत त्यावर बोलणारे पुष्कळ होते. खोट्या सहीचा ठपका बसला असता तर नोकरी जाणे ही लहान गोष्ट होती. ती पुन्हा घराबाहेर कामाला पडली नसती, आणि तिच्यामागून त्या गावातली दुसरी कोणी पडली नसती. गुन्हा दाखल करणे माझ्या हातात होते. पण एक नग बाहेर आला म्हणजे आणखीही गेले असणार, आणि ते कुठे आहेत हे मला आधी हवे होते.

फोडलेल्या नगांचे तुकडे कंपनीत एका पिंपात साठवत. मी पंच बोलावले आणि पिंप ताडपत्रीवर ओतायला लावले. पंचांपैकी एक जण मोटारी दुरुस्त करणारा होता. त्याने पांढऱ्या तुकड्यांतून एक उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा, मग आणखी. त्यांच्या एका अंगाला तपकिरी झिलई होती. "हे त्यातलं न्हाय साहेब. ही फ्यूजच्या कटआउटची चिनी माती हाय," तो म्हणाला. बाजूला लोखंडी नटबोल्टांचाही चेंदामेंदा निघाला. म्हणजे हातोडा पडला होता, आवाज झाला होता, तुकडेही पडले होते. फक्त हातोड्याखाली काही वेळा भलतेच होते.

फोडतात कसे, असे मी विचारले. चिनी मातीचे कण डोळ्यात उडतात म्हणून नग बारदानाच्या पिशवीत भरून, तोंड बांधून, दगडावर ठेवून फोडतात, असे कळले. फोडणारा माणूस एकच. अंथुर्ण्याचा, साठीकडे झुकलेला. बापाच्या काळापर्यंत घरात मेंढरे होती, आता थोडी शेती आणि ही नोकरी. कंपनीत सगळे त्याला तात्या म्हणत.

मुलीचा जबाब मी महिला पोलिसासमोर घेतला. ती घाबरली होती, पण रडली नाही. नग किती, दिवस कोणता, सगळे नीट सांगितले. कोणी फोडले, असे विचारल्यावर म्हणाली, "मामांनी."

मी पेन खाली ठेवले. सगळ्या कंपनीचा तात्या हिचा एकटीचा मामा कसा? आपल्याकडे हे नाते कुठून येते ते मला ठाऊक होते. मी विचारले, "तुमचं आजोळ कुठलं?"

ती म्हणाली, "अंथुर्णे."

"फोडायच्या आधी पिशवी उघडून बघितली होती?"

"माझ्यासमोरच फोडलं साहेब."

हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पण मी तिला टोकले नाही, ती बोलली तसेच लिहून घेतले. खोटे बोलणारा माणूस शक्यतो तुमच्याच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि नको तेवढे लांबलचक देतो. दुसऱ्याला वाचवणारा शेजारच्या प्रश्नाचे उत्तर देतो. हा फरक ओळखायला मला बरीच वर्षे लागली होती, पण एकदा ओळखला की तो फसवत नाही.

तात्यांना बाकावर बसवले. चहा मागवला, तो त्यांच्यापुढे निवून गेला. नग तुम्हीच फोडले का, तर हो. मग पिंपात कटआउट कसे आले, तर नजर जमिनीकडे. कोणाला विकले, यावर तेवढे मान वर करून म्हणाले, "इकलं न्हाय." मी स्पष्ट सांगितले, की नग सापडले नाहीत तर सही करणाऱ्या मुलीवर गुन्हा दाखल होणार. म्हातारा हलला. "पोरीनं माझ्या भरवशावर सही केली. तिचा काय संबंध न्हाय. मला आत टाका," एवढे बोलला आणि पुन्हा जमिनीकडे बघत बसला. माझ्या एका हवालदाराने डोळ्यांनीच विचारले, जरा मागच्या खोलीत नेऊ का? मी नाही म्हटले. मारल्यावर माणूस बोलतो, पण मग तो तुम्हाला काय ऐकायचे आहे ते बोलतो. मला नग हवे होते. ते तर मी कितीही ऐकून मिळणार नव्हते.

संध्याकाळी मी इंदापूर रस्त्यावर फाट्याला गेलो. हंगामात दिवेलागणीच्या वेळी आमचे आणि शेजारच्या ठाण्याचे मिळून उसाच्या गाड्या तपासणे हा नेमाचा कार्यक्रम असे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर बाहेर आलेला ऊस, आणि मागे लाल दिवा नाही. मागून मोटारसायकलवाला येतो आणि अंधारात उसातच घुसतो. दर हंगामात असे पंचनामे आम्ही केलेत. दिवा नसतो असे नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये जो वायरीचा जोड लोंबत असतो तो धुळीने, पाचटाने आणि हिसक्यांनी सुटतो. ड्रायव्हर हाताने वायर पिळतो, पुढच्या खड्ड्यात दिवा परत बंद. आणि अडवले की प्रत्येकाचे म्हणणे एकच, आत्ता तर लागत होता साहेब.

त्या दिवशीही अडवलेल्या गाड्यांची रांग लागली होती. तेवढ्यात खड्ड्यांच्या पट्ट्यातून एक ट्रॅक्टर दणदणत आला आणि पुढे निघून गेला. त्याच्या मागच्या ट्रॉलीचे दोन्ही दिवे लाल, स्थिर, जराही लुकलुकत नव्हते. त्याच्या मागून दुसरा आला. तसाच. सबंध नोकरीत मी असे दिवे बघितले नव्हते. मी शिट्टी मारून दुसरा थांबवला.

ड्रायव्हर खाली उतरला तो चिडूनच. "साहेब, माझा दिवा लागतोय की. ज्यांचा बंद हाय त्यांनाबी अडवता, ज्याचा लागतोय त्यालाबी अडवता. मग आमी करावं तरी काय?"

मी बॅटरी घेऊन वाकलो. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये, पाचटाच्या जाळीतून, पोलादी कडी चमकत होती. गाडी कुठली म्हणून विचारले. अंथुर्ण्याची.

"हे कोणी बसवलं?"

"तात्यांनी. आमच्या गावच्या समद्या गाड्यांना बसवलंय. एक रुपाया घेतला न्हाय. वर दम दिला, दिवा बंद दिसला तर रस्त्यात आडवा पडंन म्हणून."

"का?"

ड्रायव्हरने टोपी काढली आणि हातात धरली. तात्यांचा मुलगाही एमआयडीसीतच कामाला होता. मागच्या हंगामात सुट्टी झाल्यावर मोटारसायकलवरून गावाकडे निघाला. रस्त्याच्या कडेला ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. पोरगा जागच्या जागी गेला. एवढे सांगून ड्रायव्हरने त्या जोडावर हात ठेवला. मग म्हणाला, "आन ती ट्रॉली माझीच व्हती साहेब. ह्यो जोड तात्यांनी पयला मला बसवला."

मी नोकरीत पुष्कळ ऐकले आहे. पण त्या माणसाची गाडी बाजूला लावून घेतली आणि तिचा जोड शिपायाला न सांगता मी स्वतःच वाकून काढला.

सकाळी मी तो जोड तात्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटा केला, आटे अंगठ्याने पुसले आणि विचारले, "गाडीचा काढला व्हय?"

"काढला. सगळ्यांचे काढणार आहे."

"मग आज गाड्या कशा जात्याल?"

आपले काय होणार, हे त्यांनी विचारलेच नाही. मग स्वतःहून बोलू लागले. बाजारातला जोड एक आठवडा टिकत नाही. हा कितीही हिसका खाल्ला तरी सुटत नाही. अणूच्या कामाला बाद असेल, ट्रॉलीच्या दिव्याला कशाला बाद? "हातुडा उचलायचो साहेब, आन हात खाली येत न्हवता. मग थोडं थोडं काढून ठिवलं. पोरगी समोर उभी असायची. तिला फसवलं, एवढंच वाईट झालं." त्यांचे डोळे कोरडे होते. माझे तसे नव्हते.

जीप घेऊन मी अंथुर्ण्याला गेलो. ड्रायव्हरांनी एका शब्दाने वाद घातला नाही. प्रत्येक जोड पंचांसमक्ष काढला, नंबर पडताळला. भंगारात आलेला नग कालव्याच्या वळणावर उलटून मोडीत गेलेल्या एका ट्रॉलीचा निघाला. जेवढे नग गायब होते तेवढे सगळे मिळाले.

मग मी मुलीला पुन्हा बोलावले आणि तोच प्रश्न तसाच विचारला. या वेळी तिने उत्तर दिले. "नाही बघितली. ते पिशवी बांधून उभे होते. माझ्या आईला ते बहीण मानतात, भाऊबीजेला घरी येतात. मामा, पिशवी सोडून दाखवा, असं कसं म्हणू? तुम्ही चोर आहात असंच म्हटल्यासारखं झालं असतं."

मी म्हणालो, हे तुम्ही केंद्राच्या इंजिनिअरना सांगायचे. ती म्हणाली, नोकरी जाईल. मी म्हटले, जाईलही. उगाच धीर देण्याची मला सवय नाही.

इंजिनिअर आले. सडपातळ, हळू बोलणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. मालक, मी आणि ते बसलो होतो. मुलगी उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता सगळे सांगून मोकळी झाली. पिशवी उघडली नव्हती, तरी सही केली, असे तिने स्वच्छ सांगितले. पुढे तिनेच मागणी केली, की सील तोडा, पेटीतला प्रत्येक नग पुन्हा वाफेला लावा, मी स्वतः लावते. मालकाने कपाळाला हात लावला. इंजिनिअरांनी मान डोलावली.

मग ते तिला म्हणाले, "आमच्याकडे एक पद्धत आहे. दार मी बंद करतो, आणि माझ्यामागून दुसरा माणूस येऊन ते ओढून बघतो. गेली कित्येक वर्षं माझं दार ओढून बघणारा माझा सख्खा मित्र आहे. तो ओढून बघतो म्हणून मला घरी झोप लागते. तुम्ही पिशवी सोडून बघितली असती तर तुमच्या मामांनाही लागली असती."

पेटीतले सगळे नग चांगले निघाले. मुलगी नोकरीवर राहिली, सहीही तिचीच राहिली. पिशवीत घालून फोडणे बंद झाले. डोळ्यांना चष्मे आले आणि नग उघड्या दगडावर फुटू लागले. तात्यांवर मात्र मी नोकराने केलेल्या चोरीचा गुन्हा दाखल केला, आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही. हेतू कितीही चांगला असला तरी तो माल बाहेर फिरणे धोक्याचेच होते. त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. नोकरी गेली ती गेली.

या केसने मला जे शिकवले ते मी लगेच वापरात आणले. मुद्देमालाच्या खोलीचे कुलूप मी लावले की अंमलदाराने ते ओढून बघायचे, असा नियम मी केला. पहिले काही दिवस बिचारा संकोचाने नुसता हात लावायचा. मी त्याला दम देऊन दोन्ही हातांनी ओढायला लावले. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे हा नियम माझ्याबरोबर गेला. ज्याच्यावर आपला भरवसा असतो त्याचेही काम बघावे, आणि त्याने ते आनंदाने दाखवावे. यात मान जात नाही, हे आपल्या माणसांना सांगून पटत नाही. करून दाखवावे लागते.

आज गाड्या कशा जाणार, या तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्याच दिवशी द्यावे लागले होते. मी जोड काढले तसे अंथुर्ण्याच्या गाड्या पुन्हा आंधळ्या झाल्या. मी फाट्यावर हुकूम दिला, की मागचा दिवा लागल्याशिवाय एकही गाडी पुढे जाणार नाही. रांग लांबत गेली. कारखान्याच्या शेतकी ऑफिसातून फोन आला, ऊस वाळतोय, गाड्या सोडा. मी म्हटले, दिवा लावा आणि न्या. वरूनही एक फोन आला. त्यांनाही तेच सांगितले.

जामिनावर सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या फाट्यावर हजर झाले. पिशवीत बाजारातले साधे प्लग आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. कोणाला काही न विचारता ते अडवलेल्या गाड्यांचे जोड बांधू लागले. माझ्या शिपायाने त्यांना आपले स्टूल दिले.

थोड्या वेळाने कंपनी सुटली आणि ती मुलगी मोपेडवरून सणसरकडे निघालेली तिथे थांबली. त्या प्रकारानंतर दोघे पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. ती गाडी स्टँडला लावून तशीच उभी राहिली. म्हाताऱ्याने वर बघितले नाही. हातातला जोड पट्टीने आवळून पुरा केला.

"मामा, बघू," ती म्हणाली.

त्यांनी जोड पुढे केला. तिने दोन्ही बाजूंनी धरून जोराने हिसका दिला, आणि तो सुटला. मला वाटले आता म्हातारा दुखावणार. त्यांनी तो परत घेतला, दुसरी पट्टी काढली, दातांनी ताणून आधीपेक्षा घट्ट गुंडाळली आणि पुन्हा तिच्यापुढे धरला. म्हणाले, "आता वढ."

तिने ओढला. अंगातल्या सगळ्या जोराने ओढला. जोड जागचा हलला नाही. मागे दिवा लागला होता. मग तिने ड्रायव्हरला हात करून गाडी पुढे सोडली आणि त्यांच्याशेजारी दुसरी पट्टी कापायला बसली.